आक्काच्या हातातलं बटण

“हे बटण आक्कांचं. फक्त आक्कांचं,” डॉक्टर मुजावर म्हणाले. पांढऱ्या वायरीच्या टोकाला असलेलं ते अंगठ्याएवढं बटण त्यांनी माझ्या बहिणीच्या उजव्या तळव्यात ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली. “दुखायला लागलं की दाबायचं. मशिन शिरेतून थोडंसं औषध सोडेल. तरी दुखत राहिलं, तर दहा मिनिटांनी परत दाबायचं. मध्ये कितीही वेळा दाबलंत तरी ते देणार नाही. आतून कुलूप आहे त्याला. हा हिरवा दिवा लागला म्हणजे कुलूप उघडलं.”

 हातात कुणीतरी उष्टी वाटी दिल्यासारखी आक्का त्या बटणाकडे बघत होती.

“आणि मामा, तुम्ही,” पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली सुवार्ता सिस्टर माझ्याकडे वळली, “तुम्ही दाबायचं नाही. त्यांनी सांगितलं तरी नाही. औषध जास्त झालं की पेशंटला झोप येते, झोप आली की हात थांबतो, हात थांबला की औषध थांबतं. खरं कुलूप ते आहे. कळलं ना?”

“कळलं की,” मी म्हणालो.

मी मोटार वायंडिंगचं काम करणारा माणूस. मशिनमधलं कुलूप मला तिथल्या तिथे समजलं. दुसरं जे तिनं सांगितलं, ते नुसतं ऐकू आलं.

याला आता अकरा वर्षं झाली. आक्का तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती, मी पंचेचाळीसचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि लग्न ठरताना आक्कानं एकच अट घातली होती, सिद्धू माझ्याबरोबर येणार. गडहिंग्लजला तिच्या सासरी मी वाढलो. दाजींची पिठाची गिरणी होती, पण गिरणीत दाजी क्वचितच असायचे. ते प्यायचे. पिऊनच चाळिशीच्या आत गेले. नंतर गिरणी आक्कानं चालवली, आणि तिथलीच जळालेली मोटार उघडून बसता बसता मला माझा धंदा सापडला. तिला मूल झालं नाही. मीच काय तो होतो.

म्हणून कावीळ ‘ब’ अंगात बरीच वर्षं मुरून तिच्या लिव्हरमध्ये गाठ झाली आहे, हे कळलं तेव्हा रिपोर्ट घेऊन मीच हिंडलो. शेवटी मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात सर्जन म्हणाले, गाठ एकाच बाजूला आहे, उजवा भाग काढून टाकू, उरलेलं लिव्हर हळूहळू वाढतं. सोमवारी साडेसहा तास ऑपरेशन चाललं. पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून दुखणं मारायची एक पद्धत असते म्हणे. पण आक्काचं रक्त गोठायला वेळ लागत होता, म्हणून डॉक्टर मुजावरांनी ती टाळली. दोन दिवस आयसीयूत सिस्टरच तिला इंजेक्शन देत होत्या. बुधवारी तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणलं आणि बटण दिलं.

खोली कसली, पडद्यांनी केलेला एक चौकोन. काच बंद, ती उघडायची नाही. पलंग आणि भिंत यांच्यात एक खुर्ची बसेल एवढी जागा, त्यात मी. बाहेर जायचं तर सलाइनचं स्टँड हलवावं लागे, ते हलवलं की आक्काच्या मानेतली नळी ताणली जाई. म्हणून सिस्टर आल्याशिवाय मी उठत नसे. मानेत नळी, नाकात ऑक्सिजन, पोटातून रक्तपाणी बाहेर येणारी नळी, लघवीची नळी. बरगड्यांखालून आडवा, मग वर वळलेला टाक्यांचा पट्टा. तिला कूसही बदलता येत नव्हती. ती तिथे खिळलेली आणि मी खुर्चीत.

“किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा,” दर तासाला सुवार्ता विचारायची.

“दोन,” आक्का म्हणायची.

दोन म्हणताना तिच्या वरच्या ओठावर घाम असायचा.

छातीच्या व्यायामाचा माणूस आला. नळीतून हवा ओढून तीन गोळ्या वर चढवायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र त्यानं तिच्या तोंडाला लावलं. एक गोळी थरथरली आणि खाली बसली. “खोका बघू आक्का. जोरात.” आक्कानं घशातल्या घशात मांजरासारखा आवाज केला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “असं नाही चालायचं.”

तो गेल्यावर मी म्हणालो, “आक्का, बटण दाब की.”

“न्हाई लागत.”

“दुखालंय तुला. मला दिसालंय.”

तिनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, “त्या बाटलीत काय हाय, मी इचारलं त्या पोरीला. मॉर्फिन हाय. अफूचं. सिद्धू, तुझ्या दाजीला मी चौदा वर्सं बघितलंय. सुरुवातीला त्येंचंबी अंगच दुखालतं.”

“हे औषध आहे आक्का.”

“गल्लीत काय बोलत्यात ठाऊक हाय न्हवं तुला? बाईचं लिव्हर गेलं म्हंजे नवऱ्याबरोबर बसत असणार. दळण न्यायला येत्यात आणि माझ्याम्होरंच कुजबुजत्यात.” तिला धाप लागली. “नशेचं मी माझ्या हातानं घेनार न्हाई. संपलं.”

गुरुवारी सकाळी डॉक्टर मुजावर आले. त्यांनी मशिनची बटणं दाबून आदल्या दिवसाची नोंद काढली. चोवीस तासांत आक्कानं दोनदा बटण दाबलं होतं, दोन्ही वेळा डॉक्टर समोर उभे असताना. त्यांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग मला खुणेनं पडद्याबाहेर बोलावलं.

“फुप्फुसांचा खालचा भाग बंद पडायला लागलाय. दुखतंय म्हणून त्या खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत. कफ आत साचतोय. उद्यापर्यंत असंच राहिलं तर न्यूमोनिया होईल. ऑपरेशन चांगलं झालंय हो. पण पेशंट नुसत्या ऑपरेशननं घरी जात नाही. तुम्ही समजवा त्यांना. सोसून काही मिळत नाही म्हणावं.”

“समजावतो,” मी म्हणालो.

आत आलो. आक्काचे डोळे मिटलेले होते, भुवया एकमेकींत रुतलेल्या. बटण तिच्या उघड्या तळव्यात पडलं होतं. हिरवा दिवा लागलेला. तो सकाळपासून लागलेलाच होता.

मी समजावलं नाही. समजावून ती ऐकणार नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी हळूच ते बटण तिच्या तळव्यातून उचललं आणि दाबलं. मशिननं बारीक घरघर केली. दिवा विझला. मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

सव्वाअकराला दिवा लागला. परत दाबलं.

तिसऱ्या वेळेनंतर तिच्या भुवया सुटल्या. कपाळ सपाट झालं. आयसीयूत ठेवल्यापासून मी तो चेहरा बघितलाच नव्हता. बारा वाजता व्यायामाचा माणूस आला, तेव्हा तिनं उशी पोटाशी धरून दोन गोळ्या वर नेल्या आणि खरोखर खोकली. पिवळा कफ पडला. मला इतका आनंद झाला की त्या माणसाच्या मी पाठीवर थाप मारली.

दिवसभर मी तेच केलं. सिस्टर आली की बटण आक्काच्या हातात, गेली की माझ्या. संध्याकाळी डॉक्टर मुजावरांनी मशिन बघितलं आणि हसले. “एकवीस वेळा! हां, आता कसं! आक्का, आज बरोबर वापरलंत तुम्ही.”

आक्कानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकली असेल.

शुक्रवारी दुपारी तिला जेवणानंतर गाढ झोप लागली. चार वाजता तिला पहिल्यांदा पलंगाखाली उतरवून उभं करायचं होतं. मी ठरवलं, दुखणं वर यायच्या आधीच त्याला दाबून ठेवायचं, म्हणजे ती उभी राहील. एक वाजल्यापासून दिवा लागला की मी दाबत होतो. ती झोपलेलीच होती. समोरच्या स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णव. तो आकडा बघून मी निर्धास्त होतो. नाकातून ऑक्सिजन चालू असला की श्वास कमी पडला तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, हे मला नंतर सांगितलं गेलं. आणि हेही की लिव्हर अर्धं उरलेल्या माणसाच्या अंगातून ते औषध लवकर जात नाही, साठत जातं. मशिनच्या कुलपाला हे काहीच ठाऊक नसतं.

दोन वाजता सुवार्ता येऊन बघून गेली. तेव्हा आक्कानं हाकेला ‘अं’ केलं होतं. तीन वाजता ती आली नाही. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी रक्त वाहायला लागलं होतं, पळापळीचे आवाज ऐकू येत होते. मी तीन वाजता दाबलं, तीन दहाला दाबलं, तीन वीसला दाबलं, साडेतीनला दाबलं.

पावणेचारला स्क्रीन ओरडायला लागला. आकडा अठ्ठ्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. मी आक्काचा खांदा हलवला. “आक्का. ए आक्का.” ओठ निळसर होते. तोंडातून घोरल्यासारखा एक आवाज आला आणि मग काहीच नाही. मी वाट बघत राहिलो. काहीच नाही. मग परत एक श्वास.

पडदा फाटेल इतक्या जोरात ओढला गेला. सुवार्ता आत आली. तिनं एका हातानं आक्काची हनुवटी वर उचलली, दुसऱ्या हाताची मूठ छातीच्या हाडावर घासली, “आक्का! श्वास घ्या! आक्का!” आणि मान वळवून बाहेर ओरडली, “मुजावर सरांना बोलवा! मिनिटाला पाच श्वास आहेत!” मग मला म्हणाली, “मामा, उठा तिथून.”

उठायला जागाच नव्हती. स्टँड, पलंग, भिंत. मी खुर्चीवर पाय घेऊन भिंतीला चिकटलो. बटण माझ्या मुठीत होतं. धावत आलेल्या माणसांनी तोंडावर मास्क दाबला, फुगा पिळायला लागले, आणि त्या गडबडीत मी मूठ उघडून बटण पलंगावर चादरीत सोडून दिलं. कुणी बघितलं नाही.

डॉक्टर मुजावरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. मिनिटभरात आक्कानं डोळे उघडले. आणि मग ती ओरडली.

उतारा औषधाचा सगळाच असर काढून घेतो, दुखणं थांबवणारासुद्धा. पाच दिवसांचं दुखणं एका झटक्यात तिच्या पोटात परत आलं. बोटाचं पेर एकदा गिरणीच्या पट्ट्यात सापडून तुटलं, तेव्हा जिनं वर राहिलेली पायली दळून मगच दवाखाना गाठला होता, ती माझी बहीण आईला हाका मारत ओरडत होती. “आई गं, सोडव! आई, सोडव!” चार जणांनी तिला धरलं होतं. मी खुर्चीवर उभा. हात कानांवर ठेवायचीही माझी हिंमत झाली नाही.

सहा वाजता मला मॅट्रनच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर मुजावर होते, मॅट्रन होत्या, आणि दाराजवळ सुवार्ता हात बांधून उभी होती. टेबलावर मशिनच्या नोंदीचा कागद.

“एक ते साडेतीन, सोळा वेळा,” डॉक्टर म्हणाले. “दोननंतर पेशंट गुंगीत होती. गुंगीतला माणूस दर दहा मिनिटांनी बटण दाबत नाही.”

“तीनची तपासणी झालेली नाही,” मॅट्रन म्हणाल्या. “तक्त्यातली चौकट रिकामी आहे.”

“मी पलीकडे होते, रक्तस्रावाच्या पेशंटकडे,” सुवार्ता म्हणाली. “चुकलं माझं. म्हणून मी रिकामीच ठेवली. मागाहून भरली नाही.”

“ते ठीक. पण दाबलं कुणी?” मॅट्रननी माझ्याकडे बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. “सिद्धाप्पा, तुम्ही दाबलंत का? दाबलं असेल तर सांगा. प्रेमानं करतात लोक.”

खरं बोलायला दार उघडं होतं. त्यांनी माझ्यासाठी ते उघडून धरलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, “मी चहाला गेलो होतो. दोननंतर मी नव्हतोच खोलीत. स्क्रीन ओरडायच्या जरा आधी परत आलो.”

मी असं का म्हणालो, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. आक्काचं ओरडणं अजून कानात होतं, आणि ते मी केलं हे शब्दांत मांडायला तोंड तयार नव्हतं, एवढंच सापडतं. पण मी खोलीत नव्हतो असं म्हटल्यावर त्या खोलीत जाऊ शकणारं माणूस एकच उरत होतं. पेशंट गप्प राहावा म्हणून कामाच्या गडबडीत सिस्टरनं येता-जाता दाबलं असेल, असं कुणालाही वाटलं असतं. सुवार्तानं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता, गोंधळ होता. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळपासून ती दिसली नाही.

डॉक्टर मुजावरांनी मशिन काढून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आक्काच्या पोटाच्या स्नायूंच्या थरात, टाक्यांच्या दोन्ही बाजूंना, सुईच्या वाटेनं बारीक नळ्या बसवल्या. त्यांतून बधिर करायचं औषध आपोआप झिरपत राही. “यात गुंगी नाही, नशा नाही, आणि कुणी काही दाबायचंही नाही,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

शनिवारी आक्काला ताप आला. ज्याची भीती होती तो न्यूमोनिया झालाच, उजव्या बाजूला. मोठा मास्क लागला. शनिवार, रविवार मी त्या खुर्चीत बसून तिचे श्वास मोजले. नवीन सिस्टर सलाइन बदलताना दुसरीला म्हणाली, “सुवार्ताचं काही खरं नाही. घरीच बसवलंय. नर्सिंग कौन्सिलला कळवणार म्हणे.” मी घड्याळाकडे बघत मोजत राहिलो. अठरा, एकोणीस, वीस. घरी शोभाला, माझ्या बायकोला, फोन केला तेव्हाही मी हेच सांगितलं, की सिस्टरच्या हातून काहीतरी झालं. एकदा बोललं की ते परत परत बोलावं लागतं. दर वेळी भिंत आणखी थोडी जवळ आल्यासारखं वाटे.

सोमवारी सकाळी ताप उतरला, मास्क निघाला. पोटाच्या नळ्यांमुळे आक्का नीट खोकू लागली होती. सर्जन येऊन म्हणाले, असंच राहिलं तर शनिवारी घरी. मी मनात दिवस मोजले. पाच. पाच दिवस तोंड मिटून काढायचे, मग मिरज संपलं, दवाखाना संपला.

आक्का म्हणाली, “ती पोरगी कुटं गेली? सुवार्ता?”

“ड्युटी बदलली असंल.”

“सिद्धू.”

तिनं नुसतं नाव घेतलं. मी सहा वर्षांचा असल्यापासून ती असंच नाव घेते. मी सगळं सांगून टाकलं. बटण, दिवा, चहाला गेलो होतो ते खोटं, मॅट्रनची खोली. सांगताना मी तिच्या चादरीच्या शिवणीकडे बघत होतो. वाटलं, ती आता म्हणेल, मला मारलं असतंस तू. म्हणावंच तिनं, असंही वाटत होतं.

“बटण तू दाबालतास, ते मला ठाऊक हाय,” ती म्हणाली.

मी वर बघितलं.

“बिस्तरवारी पयल्यांदा माझ्या हातातनं काढून घेतलंस, तवा मी जागीच होते. डोळे मिटून पडले होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“बरं वाटालतं.” तिचे डोळे भरून आले. “तू दाबलंस की पाच मिन्टांत बरं वाटालतं रे. माझ्या हातानं घेतलं न्हाई, एवढं म्हनायला मी मोकळी. झोपल्याचं सोंग केलं की तू परत दाबतोस, हेबी मला कळलं होतं. शुक्रवारी जेवल्यावर झोप नव्हती मला. सोंगच हुतं. मग खरी झोप कवा लागली, ते कळलंच न्हाई.”

 पडद्याच्या पलीकडे कुणाच्या तरी जेवणाचं ताट वाजत होतं.

“शनिवारी जायचंय घरी,” मी म्हणालो. कशासाठी म्हणालो ते तिला बरोबर कळलं.

“ती मोठी बाई बसती कुटं?”

“मॅट्रन? व्हरांड्याच्या टोकाला. आक्का, तुला उठायचं नाही. मी जातो.”

“तू जाशील आणि तुझं तेवढं सांगून येशील. माझं कोन सांगनार?” तिनं बेल दाबली. नवीन सिस्टर आली. “बाई, मला चालायचंय. आधी दुखायची गोळी द्या. आत्ता लई दुखालंय.”

गोळी घेऊन अर्ध्या तासानं ती उठली. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या हातात लघवीची पिशवी आणि तिच्या पोटाशी धरलेली उशी. ऑपरेशननंतरचं तिचं पहिलं चालणं. दर पाच-सहा पावलांना ती थांबायची, भिंतीला हात लावायची, तोंडानं श्वास सोडायची आणि परत निघायची. मला वाटत होतं तो व्हरांडा संपूच नये. तो संपला.

मॅट्रन उठून उभ्या राहिल्या. आक्का बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, “बटण ह्यानं दाबलं. मी जागी होते, मी दाबू दिलं. त्या पोरीचा हात लागला न्हाई. लिहून घ्या. मला सही येती.”

मग मी बोललो. या खेपेला सगळं.

मॅट्रननी लिहून घेतलं. डॉक्टर मुजावर आले, त्यांनी वाचलं.  मग आक्काला म्हणाले, “चूक माझीही आहे. तुम्ही बटण का दाबत नाही, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी नुसता आकडा विचारत राहिलो.” माझ्याशी मात्र ते शनिवारपर्यंत कामापुरतंच बोलले. तीनची तपासणी चुकल्याचा शेरा सुवार्ताच्या कागदावर राहिला. बाकीचं सगळं काढून टाकलं.

आक्का त्यानंतर पाच वर्षं जगली. त्यातली चार तिनं गिरणी चालवली. गल्लीत लोक काय बोलायचे ते बोलत राहिले, पण ती आता दुखलं की ‘दुखतंय’ म्हणायची.

त्या मंगळवारी, मॅट्रनसमोर बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी गरम पाणी आणायला बाहेर पडलो, तर व्हरांड्यात सुवार्ता औषधांची ट्रॉली घेऊन उभी होती. एकेका खणातल्या गोळ्या कागदाशी ताडून बघत होती. तीन दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. मी थर्मास हातात धरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“सिस्टर, माझं चुकलं.”

“हो,” ती म्हणाली. तिनं एक खण बंद केला, दुसरा उघडला.

“तुमच्यावर आलं ते... मला तसं करायचं नव्हतं.”

तिचा हात थांबला. “मामा, तीन वाजता मी आले नाही, ते माझं होतं. ते मी त्याच दिवशी लिहून दिलं. त्याचं मला काही नाही.” ती हळू बोलत होती. “तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत, चहाला गेलो होतो म्हणून. मग मी घरी बसून एकेक मिनिट आठवायला लागले. दोनला मी आत आले होते. चादर सारखी केली. बटण त्यांच्या हातात दिलं. तेव्हा दाबलं गेलं का माझ्याकडून? पलीकडे पळताना मध्ये एकदा डोकावले होते का? आईला सांगत होते, मी नाही गं केलं. आणि सांगता सांगता माझीच खात्री जात होती. शनिवारी, रविवारी मला खरंच वाटायला लागलं होतं, की मीच दाबलं असेल आणि मला आठवत नाहीये.”

मी हातातल्या थर्मासच्या झाकणाकडे बघितलं.

“काल मॅट्रनचा फोन आला,” ती म्हणाली, “तेव्हा मला कळलं, की मी दाबलं नव्हतं.”

तिनं डोळे पुसले, कागद ट्रॉलीला अडकवला आणि दोन्ही हातांनी ती ढकलायला घेतली.

“सरका,” ती म्हणाली. “औषधांची वेळ झालीय.”

मी भिंतीला पाठ लावून वाट दिली.